१९३८ चा संततिनियमनाचा ठराव आणि आपण

१० नोव्हेंबर ही तारीख आपल्या किती कार्यकर्त्यांना आठवते? १९३८ साली याच दिवशी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो तयार केला होता बाबासाहेबांनी. त्या दिवशी ते सभागृहात नव्हते, म्हणून रोहम उभे राहिले. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२. ठराव फेटाळला गेला.

ठरावाची मागणी दुहेरी होती. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात. म्हणजे माहिती द्या आणि साधने द्या. सक्तीचा त्यात शब्दही नव्हता. उलट, कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिच्या हातात असले पाहिजे, निर्णय सर्वस्वी तिचा असला पाहिजे, अशी स्पष्ट भूमिका भाषणात होती. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला तो कधीच तयार झाला नसता, हेही त्यात सुनावले होते.

तो काळ लक्षात घ्या. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी कृत्रिम साधनांना नकार देऊन संयमाचाच मार्ग सांगितला. संयम सांगणे सोपे; पण नवऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय जिला नाही, त्या बाईने काय करायचे? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकील बाबासाहेब होते. खटला हरले, पण चार वर्षांनी तोच प्रश्न त्यांनी विधानसभेत नेला.

आपल्यातले काही भाऊ म्हणतात, "संख्या हीच आपली ताकद, मुले कमी कशाला?" २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांसमोर सांगितले होते की लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देणे हा गुन्हा आहे. शिकलेली, निरोगी, ताठ मानेची पिढी ही त्यांच्या लेखी ताकद होती. आईच्या देहावर डोकी मोजणे ही ताकद नव्हे.

पुढे सरकारने कुटुंबनियोजन स्वीकारले, पण ठरावाचा आत्मा वगळून. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. लक्ष्य पूर्ण करण्यासाठी धरले गेले ते मुख्यतः गरीब. निवड गेली, आकडा उरला. नंतर सगळा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के!

बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीत पोट उघडावे लागत नाही. ती स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे. फक्त पहिले तीन महिने आणि वीर्यतपासणी होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. मग हा आकडा कशामुळे? "मर्दानगी जाते" या खोट्या भीतीमुळे. ही भीती आपल्या वस्तीतही आहे, हे मान्य करू या.

ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी ऑपरेशनकडे वळायची गरजच नाही. तांबी प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते. 'माला-एन' रोज घ्यायची. 'छाया' ही हार्मोन नसलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी अनियमित होऊ शकते. निरोध तेवढा एचआयव्हीपासूनही वाचवतो. कोणते साधन कोणाला चालेल, हे रक्तदाब, अंगावर पिणारे बाळ, जुने आजार पाहून ठरते. म्हणून डॉक्टरांना विचारा. सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत आहेत.

जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस वस्तीत असे शिबिर घ्या. त्यात बायकांना बोलू द्या आणि पुरुषांना पुढच्या रांगेत बसवा. ५२ मतांनी हरवलेला तो ठराव आपल्या घरात तरी मंजूर झाला पाहिजे.

जय भीम!