आजाराचा विमा की खाटेचा?

१/ डॉक्टर सकाळी फेरीला येतात, रुग्णाला घरी जाण्याची परवानगी देतात आणि तरीही तो सायंकाळपर्यंत खाटेवरच असतो. विमा कंपनीची अंतिम मंजुरी यायची असते. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंतच्या खासगी रुग्णालयांत हे दृश्य नवे नाही. या ताटकळण्यालाही इतिहास आहे. त्याचे मूळ १९८६ मधील एका निर्णयात सापडते. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ मात्र त्याआधीचा. १८८३ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा आणला. त्यात डॉक्टर आणि औषध तर होतेच. शिवाय आजारपणात बुडणाऱ्या मजुरीची अंशतः भरपाईही होती. आजारी माणसाचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी उत्पन्न थांबते, हे दुहेरी संकट त्या कायद्याने ओळखले होते.

३/ भारतात हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आला. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा शुभारंभ झाला.

४/ या योजनेचे मर्म एकच: विमा माणसाचा आहे. साध्या तापासाठी दवाखाना, औषधे, रुग्णालय, प्रसूती, अपघात आणि आजारपणातील रजेत मजुरीचा काही भाग, हे सारे एकाच वर्गणीत. खाटेवर दाखल होणे ही मदतीची पूर्वअट नव्हती.

५/ नाशिककरांना याची खूण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने सातपूर आणि पुढे अंबडला कारखाने आणले. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय ही त्याच इतिहासाची वास्तू. या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. अपुरे डॉक्टर, औषधांचा तुटवडा, लांब रांगा या तक्रारी जुन्याच आहेत. शिवाय २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपयांवर थांबलेली आहे. पगार तिच्या पुढे गेला की कामगार कालांतराने योजनेबाहेर पडतो आणि एका वेगळ्याच विमासंस्कृतीत प्रवेश करतो.

६/ ही दुसरी संस्कृती कुठून आली? १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. १०७ विमा संस्था विलीन होऊन चार सरकारी कंपन्या उरल्या. त्यांचे पिढीजात कौशल्य आगीच्या, सागरी मालवाहतुकीच्या आणि मोटारीच्या विम्याचे. त्याची रीत ठरलेली: आधी नुकसान, मग पाहणी, मग कागदपत्रे, शेवटी भरपाई.

७/ १९८६ मध्ये याच कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला आणि गोदामाच्या विम्याची रीत मानवी देहाला लावली. रुग्ण किमान २४ तास दाखल हवा. बिल आधी त्याने भरावे, मग पावत्या सादर कराव्यात. पूर्वीपासूनचे आजार वगळलेले. थोडक्यात, विमा उतरवला गेला तो खाटेचा.

८/ कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. जळालेले गोदाम डोळ्यांना दिसते. पोटदुखी दिसत नाही. फक्त आजारी लोकच पॉलिसी घेऊ लागले तर सामाईक निधी आटतो. म्हणून ‘दाखल होणे’ हा आजाराच्या गांभीर्याचा पुरावा मानला गेला. हिशेबासाठी ही सोय होती. वैद्यकाच्या दृष्टीने ती महागात पडली.

९/ मधुमेहाचे उदाहरण घ्या. दरमहा गोळ्या, रक्ततपासणी, पायांची निगा हा खर्च रुग्णाने खिशातून करायचा. तो परवडेना म्हणून हेळसांड झाली, जखम चिघळली आणि पाय कापण्याची वेळ आली, की विमा जागा होतो. जो खर्च वेळीच केला तर आजार आवरतो, नेमका तोच पॉलिसीबाहेर. मग केवळ तपासण्यांसाठी दाखल होण्याची पळवाट निघते, कंपनी ‘दाखल होण्याची गरज नव्हती’ असे म्हणून दावा नाकारते आणि खरा रुग्णही संशयाच्या फेऱ्यात सापडतो.

१०/ दरम्यान वैद्यक पुढे गेले. मोतीबिंदूचा रुग्ण पूर्वी काही दिवस रुग्णालयात राही; आता त्याच दिवशी घरी जातो. उपचार जितका सुधारला तितका तो २४ तासांच्या अटीत बसेनासा झाला. त्यामुळे ‘डे-केअर’ उपचारांच्या याद्या जोडाव्या लागल्या. जुन्या वाड्याला खोल्या वाढवाव्यात तशी ही पॉलिसी वाढत गेली.

११/ १९९४ च्या मल्होत्रा समितीच्या अहवालानंतर १९९९ चा विमा नियामक कायदा आला आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार उघडले. २००१ च्या नियमांनी ‘टीपीए’ हा मध्यस्थ निर्माण केला. कॅशलेसमुळे आधी पैसे उभे करण्याची विवंचना टळली, हा मोठाच दिलासा होता. पण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये आता तिसरी खुर्ची आली. रुग्णाला कधीही न पाहिलेली व्यक्ती कागदावरून त्याच्या उपचाराचा निवाडा करू लागली.

१२/ पॉलिसीतील एका ओळीचा परिणाम पाहा. विमा रक्कम ३ लाख, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. रुग्णाने ६,००० ची खोली घेतली तर केवळ भाड्यातील फरक कापला जात नाही. अनेक रुग्णालयांत शुल्क खोलीच्या दर्जानुसार बदलत असल्याने डॉक्टरांचे आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कापले जाते. औषधे आणि तपासण्यांना या कपातीतून वगळण्याचा नियम २०२० मध्ये आला.

१३/ २०१० मध्ये हा ताण उघड झाला. विमाधारकांकडून जादा आकारणी होते, असे म्हणत चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि चेन्नईतील अनेक मोठ्या रुग्णालयांतली कॅशलेस सोय थांबवली. भांडण दरांचे होते. अडकला तो रुग्ण.

१४/ राज्य सरकारची योजनाही याच वाटेने गेली. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये नाशिकसह उर्वरित राज्यात आली. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. गरिबांना तिचा मोठा आधार मिळाला. तिचाही भर मात्र ठरावीक यादीतील शस्त्रक्रियांवर आणि दाखल रुग्णांच्या उपचारांवर.

१५/ आता प्रतिकाराचा इतिहास. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. मेडिक्लेम आला त्याच १९८६ मध्ये, डिसेंबरात, ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा या कायद्याखाली आणली; बिल विमा कंपनीने भरले असले तरी रुग्ण ‘ग्राहक’च ठरतो, हेही स्पष्ट केले. १९९८ च्या नियमांनी विमा लोकपाल आला. २०२४ मध्ये नियामकाने कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन घातले.

१६/ तरीही २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याचे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे विचारार्थ होते आणि दिले गेले सुमारे ८३ हजार कोटी. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही दाद मिळाली नाही किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही.

१७/ बिलाच्या खिडकीपाशी बसलेला कर्मचारी हा या कथेचा खलनायक नव्हे. १९४८ मध्ये आपण माणसाचा विमा उतरवला, १९८६ मध्ये खाटेचा. दोन्ही माणसांनीच केलेल्या निवडी होत्या. म्हणूनच तिसरी निवडही शक्य आहे. घरातील कपाटात जुनी मेडिक्लेम पॉलिसी किंवा आजोबांचे कामगार विम्याचे ओळखपत्र असेल तर रद्दीत टाकू नका. त्यावरील बारीक अक्षरांतल्या अटी हे आपल्या काळाचे अस्सल दफ्तर आहे.