काकांची दुनळी आणि महाळुंग्यातला फ्लॅट

गेल्या मे महिन्यात कणकवलीहून काकांचा फोन आला. "माका सत्तर झाली रे. ती बंदूक तुका व्हयी आसली तर सांग, नायतर इकून टाकतंय."

ती बंदूक म्हणजे आजोबांपासून घरात असलेली बारा बोअरची दुनळी. रानडुकरं आणि माकडं हाकलण्यापलीकडे तिने फार काही केलेलं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. काकांना हे बरोबर माहीत होतं.

फोन आला तोही अशा वेळी, की नाही म्हणणं जड जावं. त्याच आठवड्यात महाळुंग्यातल्या आमच्या सोसायटीत भरदुपारी दोन फ्लॅट फोडले होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आता घरात बंदूकच ठेवायला हवी." त्यावर अठरा अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

दुसरं कारण जुनं. १७ ऑगस्ट २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा मी दहावीत होतो. हवेत उडणाऱ्या तबकड्या फुटताना टीव्हीवर पाहिल्या आणि ते डोक्यात राहिलं. आता बाल्कनीतून बालेवाडीच्या क्रीडासंकुलाचे दिवे दिसतात. म्हटलं, बंदूक एक आणि कामं दोन. रविवारी तबकड्या, बाकी दिवस घराची राखण.

बायको म्हणाली, "आधी कशासाठी हवी ते एक ठरव." मला वाटलं होतं, हे ठरवायला दहा मिनिटं पुरतील. पण दोन महिने गेले, आणि त्यातला बराचसा वेळ इतिहास वाचण्यात गेला.

सुरुवात कायद्यापासून केली. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचताना थबकलो. माझी 'एक बंदूक, दोन कामं' ही कल्पना तिथे आधीच लिहिलेली होती. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, तर नाकारण्याचं ठोस कारण नसताना परवाना द्यावा, असं ते कलम सांगतं. त्याला जोडूनच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. रायफल किंवा पिस्तूल हवं असेल, तर ते का हवं हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत छर्ऱ्यांची बंदूक ही सामान्य माणसाची बंदूक. तिला ही सवलत का मिळाली असेल?

उत्तराचा माग आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर सुरू होतो. महाळुंग्याहून बाणेरमार्गे विद्यापीठ चौकात या आणि पुढे खडकीला जा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. इंग्रजांच्या फौजेसाठी काडतुसं इथे बनायची आणि कामाला हात इथल्याच माणसांचे असायचे. नऊ वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनने दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली. युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट होती. वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा एक्याऐंशी वर्षं टिकला. राज्यकर्त्यांना लेखणीपेक्षा कशाची जास्त धास्ती होती, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

धास्ती निराधारही नव्हती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे परिसरात बंड उभारलं. २२ जून १८९७ च्या रात्री याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. दुसरीकडे काँग्रेस १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव करत होती. बंदूक किती जण विकत घेणार हा त्यांचा मुद्दा नव्हता. आपल्याच देशात आपल्यावर विश्वास नाही, हा अपमान त्यांना खुपत होता.

स्वातंत्र्यानंतर ही जखम भरून काढायला पुढे आलेल्यांत एक मराठी माणूस होता, आणि तोही गांधीवादी. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मूळचं घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली ती त्यांच्या पुढाकाराने. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर नेमबाजाला त्यांच्या नावाची स्पर्धा लागते. सूत कातणाऱ्या पिढीतल्या माणसाला नेमबाजी शिकलेला नागरिक हवासा वाटला, यात मला विसंगती वाटत नाही. स्वतंत्र देशाने आपल्या माणसाच्या हातात शस्त्र द्यावं, पण आधी ते वापरायची शिस्त द्यावी, असा तो विचार होता. १९५९ चा कायदाही त्याच दशकातला. 'संरक्षण किंवा खेळ' हे शब्द म्हणजे नागरिकावर टाकलेला मोजूनमापून विश्वास. पुढे तो आणखी मोजला गेला. १९८३ मध्ये तीन शस्त्रांची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली.

म्हणजे कायद्याने दोन कामं एका ओळीत बसवली. पण बंदुकीत ती बसतात का?

खेळाचा इतिहास तर जिवंत कबुतरांचा आहे. एकोणिसाव्या शतकात कबुतरं पेटीत ठेवून दोरी ओढून सोडायचे आणि टिपायचे. नेमबाज आजही तबकडी मागताना 'पुल' म्हणतात, ते या दोरीमुळे. पेटीचा 'ट्रॅप' खेळाचं नाव झाला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही खरी कबुतरं मारली गेली. त्याआधी वीस वर्षं, १८८० मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची तबकडी आणली होती. आता ती डांबर आणि चुनखडीची असते, ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅमची. नाव मात्र अजून 'क्ले पिजन'च. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावणाऱ्या पुणेकराला गंमत वाटावी.

आपल्याकडे हा खेळ आणला संस्थानिकांनी. बिकानेरचे करणीसिंह १९६० पासून पाच ऑलिंपिक खेळले. शिकारखाने, मोकळी माळरानं आणि काडतुसांचा खर्च पेलणारी घरं तिकडे होती. आपल्याकडची नावं आठवा. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे. सगळी रायफल-पिस्तुलाची. बालेवाडीची ओळखही तीच. दहा मीटरची रेंज शाळेच्या हॉलमध्ये मावते, तबकड्यांना माळ लागतो, आणि महाळुंग्यात माळ आता उरलाय कुठे?

आता बंदुकीकडे येऊ. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम बसेल एवढी नळी. ट्रॅपची बंदूक जड आणि लांब असते. नळ्या एकावर एक, लांबी तीस इंचांच्या आसपास. त्यामुळे नेम एका रेषेत धरता येतो, आणि दिवसाला शंभरावर बार काढूनही खांदा शाबूत राहतो. दस्ता नेमबाजाच्या गालाला आणि हाताच्या लांबीला जुळवून घेतात. काडतुसात २४ ग्रॅम बारीक छर्रे. काकांच्या दुनळीच्या नळ्या शेजारी-शेजारी, दस्ता उतरता, वजन कमी. शिवाय जुन्या बंदुकीत काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची असू शकते. आजचं ७० चं काडतूस त्यात बसल्यासारखं वाटतं, पण बार काढताना दाब धोकादायक वाढतो. परवानाधारक कारागिराने मोजल्याशिवाय अशी बंदूक कुणी उडवू नये. पहिली बंदूक घेणाऱ्याने किमतीआधी विचारायची गोष्ट ही.

घरासाठी म्हणाल, तर उलटं हवं. आखूड, हाताशी असलेली, भरलेली. पण हाताशी भरलेली बंदूक म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्याही हाताशी. नियम सांगतात, आणि अक्कलही सांगते, की ती रिकामी करून कुलपात ठेवा. कुलपातली बंदूक रात्री दोनला कितीशी कामी येणार? स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत होता, आजच्या न्याय संहितेतही आहे. पण त्याला जोडून अटही आहे की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. ती गरज किती, हे अंधारात, झोपेतून उठून, एका क्षणात ठरवायचं असतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम असते.

आणि एक साधी गोष्ट मला दोन महिन्यांनी सुचली. आमच्याकडची घरफोडी दुपारची होती. त्या घरांत कुणी नव्हतंच. माझ्याकडे बंदूक असती, तर चोराने ती नेली असती.

काकांना फोन केला. म्हटलं, बंदूक नको, परवानाधारक विक्रेत्याला द्या. मी तबकड्यांचा नेम शिकणार आहे, पण क्लबमध्ये, क्लबच्या बंदुकीने. वर्षभराने हौस टिकली, तर माझ्या मापाची, फक्त खेळाची बंदूक घेईन. दारासाठी चांगलं कुलूप आणि कॅमेरा आणलाय. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरा केलंस. माका पण तिची भीतीच वाटायची."

दर निवडणुकीला ती बंदूक ठाण्यात जमा व्हायची. त्या पावत्या काकांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. त्या मात्र मी मागून घेतल्या.