लघवीचे जंतू आणि यकृताचा एक रोग

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळे लागले’ म्हणतात. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली बाई काय किंवा घाटावरची काय, धण्याजिऱ्याचे पाणी पिते आणि कामाला लागते. या दुखण्याचा यकृताशी काही संबंध असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. लंडनच्या डॉक्टरांच्या मनातही ते फार उशिरा आले.

१८५१ मध्ये तिथल्या अ‍ॅडिसन आणि गल या वैद्यांनी काही चमत्कारिक रोगी नोंदवले. अंगाला खाज, त्वचेवर पिवळट गाठी, आणि कावीळ काही हटत नाही. यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात, हे पुढे कळले. रोगी बहुतेक बायका, चाळिशी-पन्नाशीच्या. १९५० च्या सुमारास ‘प्रायमरी बिलिअरी सिऱ्हॉसिस’ हे नाव रूढ झाले, आणि त्या नावानेच घात केला. सिऱ्हॉसिस म्हटले की लोक दारूच समजतात! थेंबाला न शिवलेल्या बायकांनी हा कलंक सोसला. अखेर रोग्यांच्याच आग्रहाने २०१५ मध्ये ‘सिऱ्हॉसिस’ जाऊन ‘कोलँजायटिस’, म्हणजे पित्तनलिकांचा दाह, असे नाव झाले.

१९६५ मध्ये वॉकर, डोनिअ‍ॅक, रॉइट आणि शेरलॉक यांना या रोग्यांच्या रक्तात एक प्रतिपिंड सापडले. प्रतिपिंड म्हणजे परक्या जंतूंवर धावून जाणारा राखणदार. हा मात्र धावत होता आपल्याच पेशींना शक्ती पुरवणाऱ्या कणांवर, मायटोकाँड्रियांवर. त्याला चकवले कोणी?

१९८४ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या पाहणीत या रोगाच्या सुमारे १९ टक्के स्त्रियांच्या लघवीत वारंवार जंतू आढळले. इतर जुनाट यकृतरोगांच्या स्त्रियांत सुमारे ७ टक्के. लघवीत बहुधा सापडतो तो ई. कोलाय, १८८५ मध्ये एशरिख यांनी वर्णिलेला आतड्यातला जंतू. त्याच्या अंगचे एक प्रथिन आपल्या मायटोकाँड्रियातल्या प्रथिनाशी पुष्कळ जुळते. तेव्हा जंतूशी लढता लढता राखणदाराची ओळख चुकली असावी, असा तर्क निघाला. २००५ मध्ये अमेरिकेत हजारावर रोग्यांना विचारले, तेव्हाही पूर्वी हे दुखणे झालेल्यांचे प्रमाण निरोगी लोकांपेक्षा जास्त भरले.

तर्क म्हणजे पुरावा नव्हे, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. उन्हाळे लाखो बायकांना लागतात. हा यकृतरोग क्वचित कुणाला होतो, आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. तेव्हा यकृताची धास्ती नको. वारंवार उन्हाळे लागत असतील तर मात्र नुसत्या धण्याजिऱ्यावर न राहता लघवी तपासून घ्यावी. आणि महिनोन्‌महिने विनाकारण अंग खाजत असेल, थकवा जात नसेल, तर रक्तही तपासावे. वेळीच निदान झाले तर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी पुष्कळांचा रोग मंदावतो.