भाताचा प्रांत आणि हद्दपारांचा किनारा

कोरियाचा नकाशा पुढें ठेवला, तर पूर्वेचा किनारा जवळजवळ सरळ ओढलेल्या रेघेसारखा दिसतो. परंतु नैर्ऋत्येच्या कोपऱ्याशीं येतांच ती रेघ मोडते, आणि समुद्रांत कोणीं मूठभर तांदूळ उधळावेत तशीं बेटें पसरलेलीं आढळतात. हा दक्षिण जोल्ला प्रांत. लहानमोठीं मिळून दोन हजारांवर बेटें त्याच्या हद्दींत येतात, आणि त्यांपैकीं सुमारें एक हजार एकट्या शिनान परगण्यांत मोजतात. ईशान्येस जिरीसानचा उंच डोंगर, मध्यें योंगसान नदीचें सपाट खोरें, आणि पश्चिम-दक्षिणेस असा समुद्र, कीं ओहोटीच्या वेळीं मैल मैल चिखल उघडा पडावा व भरतीला पुन्हां नाहींसा व्हावा. तांदुळाची उपमा मीं केवळ सोय म्हणून घेतली नाहीं. या प्रांताचें सारें सुखदुःख तांदुळाशीं आणि समुद्राशीं बांधलेलें आहे. खोऱ्यानें भात पिकवावा आणि समुद्रानें तो दुसऱ्याच्या घरीं पोंचवावा, हाच येथला कित्येक शतकांचा क्रम होता.

‘जोल्ला’ हें नांव जोंजू व नाजू या दोन शहरांच्या आद्याक्षरांवरून इ. स. १०१८ त पडलें. १८९६ मध्यें प्रांताचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. ग्वांग्जू हें मुख्य शहर १९८६ त प्रांतापासून निराळें काढण्यांत आलें, आणि २००५ मध्यें प्रांताची कचेरीहि तेथून उठून समुद्राच्या बाजूस मुआनकडे गेली. कचेऱ्यांचा इतिहास एवढ्यावरच थांबविलेला बरा.

जोसन राजवटींत (१३९२–१८९७) सारा बहुतेक धान्यरूपानें वसूल होई. नाजूजवळ योंगसानच्या कांठीं सरकारी कोठार होतें. आसपासच्या गांवांचा भात तेथें जमावयाचा, गलबतांत भरावयाचा, आणि पश्चिम किनाऱ्यानें उत्तरेस राजधानीकडे, म्हणजे आजच्या सोलकडे, रवाना व्हावयाचा. वाट खडकांची व उलटसुलट प्रवाहांची; गलबतें बुडत, माणसें मरत. सोळाव्या शतकाच्या आरंभीं हें कोठार बंद करून उत्तरेकडील बोपसोंगपो बंदरांत नेलें. म्हणजे कोठाराची जागा बदलली. भाताची दिशा मात्र तीच राहिली.

या भाताची खरी किंमत राज्याला १५९२ सालीं कळली. जपानच्या हिदेयोशीनें स्वारी केली तेव्हां थोड्या आठवड्यांतच राजधानी पडली. परंतु योसू येथील आरमाराच्या ठाण्यावर आदल्याच वर्षीं यी सुन-शिन नांवाचा अधिकारी नेमला गेला होता. त्यानें दक्षिणेचा समुद्र अडवून धरला, आणि जोल्लाचें खोरें पहिल्या स्वारींत शत्रूच्या हातीं लागलें नाहीं. कोरियाच्या सैन्याला अन्न मिळालें तें मुख्यत्वें येथून. हा प्रांत नसता तर देशच उरला नसता, अशा आशयाचें वाक्य त्यानें १५९३ त एका पत्रांत लिहिलें, तें आजहि तेथील लोक अभिमानानें सांगतात. पुढें १५९७ मध्यें हेनाम व जिंदो यांमधील चिंचोळ्या सामुद्रधुनींत अवघ्या तेरा जहाजांनिशीं त्यानें शंभराहून अधिक जपानी जहाजें मागें हटविलीं. त्या ठिकाणीं भरतीचा प्रवाह असा घोंघावतो कीं जागेचें नांवच ‘रडणारी अरुंद वाट’ या अर्थाचें पडलें आहे. चांदण्या रात्रीं बायकांनीं हात धरून रिंगण करण्याचा गांगगांगसुल्ले नांवाचा नाच याच भागांतला. शत्रूला आपली संख्या मोठी भासावी म्हणून यीनेंच तो सुरू करविला, असें दंतकथा सांगते. मला स्वतःला तो नाच लढाईपेक्षां पुष्कळ जुना असावा असें वाटतें. सुगीच्या चंद्राखालीं फेर धरण्यासाठीं बायकांना सेनापतीच्या हुकुमाची जरूर लागत नाहीं.

असो. ज्या प्रांताचा भात राजधानीला हवा होता, त्याच प्रांताकडे राजधानी आपलीं नकोशीं माणसें पाठवीत असे. हद्दपारीचा नियमच असा, कीं गुन्हा जितका मोठा तितकें अंतर अधिक. आणि जोल्लाच्या बेटांपलीकडे धाडावयास राज्यच उरत नव्हतें. १८०१ मध्यें ख्रिस्ती धर्माच्या संशयावरून जो छळ झाला, त्यांत जोंग घराण्यांतील एका भावाला देहान्त झाला व दोघांना हद्दपारी मिळाली. जोंग याक-योंग याला गांग्जिनला नेलें. वडील भाऊ याक-जॉन याची रवानगी दूरच्या हुक्सान बेटावर झाली. नाजूपर्यंत दोघे बरोबर चालत आले. तेथल्या एका खाणावळींत शेवटची रात्र काढून सकाळीं एकानें दक्षिणेची वाट धरली, दुसऱ्यानें समुद्राची. पुन्हां त्यांची भेट झाली नाहीं.

‘हुक्सान’ म्हणजे काळा डोंगर. घरच्या मंडळींना तें नांव इतकें भयाण वाटे, कीं पत्रांत तीं त्याऐवजीं त्याच अर्थाचें परंतु सौम्य अक्षर लिहीत. काळ्या पाण्याच्या शिक्षेची आठवण ज्या घरांत आहे, त्यांना या भीतीचा अर्थ समजावून देण्याचें कारण नाहीं. याक-जॉननें काय केलें? त्यानें मासे पाहावयास आरंभ केला. राजधानींत शास्त्रें पढलेला हा पंडित बेटावरच्या कोळ्यांशीं बोलूं लागला; छांग-दे नांवाच्या एका अबोल, अभ्यासू तरुणाला त्यानें जवळ केलें, आणि त्याच्या मदतीनें माशांचा, शिंपल्यांचा, समुद्रवनस्पतींचा एक ग्रंथ १८१४ सालीं सिद्ध केला. त्यांत दोनशेंहून अधिक जातींचीं वर्णनें आहेत: कोणता मासा केव्हां येतो, कशावर जगतो, कसा खावा, कोणत्या दुखण्यावर उपयोगीं पडतो. पाकट मासा नाजूकडचे लोक आंबवून खातात, हेंहि तो नोंदवून ठेवतो. (ती आवड अजून आहे, आणि त्या पदार्थाचा वास दाराबाहेरूनच समजतो, असें चाखणारे सांगतात.) ग्रंथाच्या नांवांत त्यानें घरच्या पत्रांतलें तेंच सौम्य अक्षर घातलें.

याच काळांत उइदो बेटावरचा पाकटाचा एक व्यापारी, मुन सुन-दुक, वादळांत सांपडला व वाहात वाहात र्युक्यू बेटांस लागला. तेथून परततांना पुन्हां वादळ, आणि तो फिलिपाइन्समधील लुझोनला पोंचला. मकाव व पेकिंग या मार्गानें १८०५ त तो घरीं आला. याक-जॉननें त्याच्या तोंडची हकीकत लिहून घेतली. बंदिस्त म्हणून गणल्या जाणाऱ्या कोरियांतला एक अडाणी मासळीविक्या लुझोनची भाषा शिकून येतो, आणि पुढें जेजू बेटावर अडकलेल्या तिकडच्या खलाशांचें बोलणें तोच उलगडून सांगतो. राजधानींतल्या किती विद्वानांना हें साधलें असतें?

धाकट्या भावाच्या वांट्याला मासे नव्हे, माणसें आलीं. गांग्जिनमध्यें प्रथम त्याला कोणी थारा देईना. एका म्हाताऱ्या दारूविकणीनें आपली मागची खोली दिली. त्या खोलींत सुमारें चार वर्षें राहून त्यानें गांवगाडा पाहिला. सैन्यांत प्रत्यक्ष न जाणाऱ्या पुरुषानें कापडाच्या रूपानें कर भरावा, असा कायदा होता; परंतु कारकून लोक मेलेल्यांचीं नांवें पटावर तशींच ठेवीत व तान्ह्यांचीं नांवें चढवीत. १८०३ मध्यें एका शेतकऱ्याच्या तीन दिवसांच्या मुलाचें नांव असेंच पटावर चढलें आणि कराबद्दल त्याचा बैल ओढून नेला. मुलगा होणें हाच आपला अपराध, असें म्हणून त्या माणसानें सुरी आपल्याच देहावर चालविली. पुढें मूल होण्याची गोष्टच उरली नाहीं. त्याची बायको तें रक्त घेऊन कचेरीच्या दाराशीं रडत गेली. पहारेकऱ्यानें तिला आंत सोडलें नाहीं. याक-योंगनें यावर कविता लिहिली. पंधरा वर्षांनीं, १८१८ त, त्यानें अधिकाऱ्यांसाठीं अठ्ठेचाळीस भागांचा ग्रंथ पुरा केला: कोठार कसें तपासावें, कारकुनावर लक्ष कसें ठेवावें, दुष्काळांत काय करावें. ग्रंथाच्या नांवांत त्यानें ‘हृदय’ हा शब्द घातला. कारण विचारलें तर हद्दपार माणसाला हें सर्व मनांतच ठेवतां येतें, हातून करतां येत नाहीं. त्याच वर्षीं त्याची सुटका झाली. वडील भाऊ दोन वर्षांपूर्वींच वारला होता. धाकटा सुटणार अशी बातमी मध्यें एकदां उठली होती. तेव्हां भेटीचें अंतर थोडें तरी कमी व्हावें म्हणून तो हुक्सान सोडून अलीकडच्या उइदोला येऊन राहिला होता. तेथेंच १८१६ मध्यें त्याचा अंत झाला.

ग्रंथ राहिला, कारकूनहि राहिले. १८९४ चें शेतकऱ्यांचें मोठें बंड जोल्लांतच उठलें. १८९७ मध्यें मोक्पो बंदर परदेशी व्यापाराला खुलें झालें, आणि १९१० पासून ३५ वर्षें जपानी अमलाखालीं येथला भात व कापूस मोक्पोहून जपानला जाऊं लागला. जहाजाचें तोंड फिरलें, एवढाच फरक. अम्तेदो बेटावरचीं कुळें पिकाचे सत्तर-ऐंशीं टक्के खंड म्हणून भरीत होतीं. १९२३ त त्यांनीं संघ स्थापून चाळीस टक्क्यांवर देणार नाहीं असें ठरविलें. पुढारी तुरुंगांत गेले, तेव्हां शेंकडों बायकापुरुष होड्यांत बसून मोक्पोला आले व न्यायकचेरीच्या आवारांत उपाशी बसून राहिले. १९२४ च्या उन्हाळ्याअखेर खंड चाळीस टक्क्यांवर आला. जोल्लाच्या इतिहासांत समुद्रमार्गें भात जाण्याऐवजीं भात पिकविणारेच गेले, असा प्रसंग मला हा विशेष वाटतो.

पुढील काळावर, १९४८ मध्यें योसू-सुंचॉन येथें झालेल्या रक्तपातावर व १९८० च्या ग्वांग्जूवर, स्वतंत्र लेखच लिहिला पाहिजे. पोटापाण्याची रीत मात्र पुष्कळ बदलली. पूर्वी खारें पाणी चुलाणावर आटवून मीठ काढीत. १९४५ नंतर शिनानच्या बेटांवर उन्हाचीं मिठागरें झालीं, आणि जुंगदो बेटावरचें मोठें मिठागर १९५३ मध्यें युद्धांतल्या निर्वासितांना काम मिळावें म्हणून बांधलें. देशांतील उन्हांत वाळविलेल्या मिठाचा बहुतेक पुरवठा आज शिनानमधून होतो. वांदोच्या बाजूस समुद्रवनस्पतींची व शिंपल्यांची शेती चालते. ग्वांगयांगला १९८७ पासून पोलादाचा कारखाना आहे. ज्या चिखलाला शतकानुशतकें कोणी विचारीत नव्हतें, त्याला २०२१ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत जागा मिळाली.

अम्तेदोच्या लोकांना आतां मोक्पोसाठीं होडी लागत नाहीं. २०१९ सालीं सात किलोमीटरांवर लांबीचा पूल झाला. उइदोला मात्र अजून बोटीनेंच जावें लागतें. तेथें मुन सुन-दुकचें घर जपून ठेवलेलें आहे.