औंधचा चित्रसंग्रह

आमच्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंधची यमाई ही होय. कुलाचार म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे मूळपीठाचा डोंगर चढतात, ओटी भरतात, नैवेद्य दाखवितात आणि उतरून थेट परतीची एस. टी. गाठतात. डोंगराच्या वाटेवरच श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे, तिकडे पाय वळणारे थोडे. म्हणून त्या संग्रहाचा वृत्तांत या अंकात देण्याचे आम्ही योजिले आहे.

राजधानीच्या शहरी संग्रहालय व्हावे यात नवल नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास ते १८९४ सालीच झाले. पण बडोदे हे पहिल्या प्रतीचे संस्थान. औंधचा पसारा तो केवढा! सुमारे ७२ गावे, तीही सलग नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. त्यातले आटपाडी तर माणदेशातले, म्हणजे पावसाने पाठ फिरविलेल्या मुलखातले. अशा संस्थानच्या एका खेडेवजा गावी राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आणि ‘दमयंती’ पाहावयास मिळावी, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही.

ती घडविली भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव घरोघरी ठाऊक आहे. ते उत्तम कीर्तन करीत, हेही जुन्या पिढीस ठाऊक होते. परंतु ते स्वतः चित्रकार होते, हे बहुधा विसरले जाते. १९१६ साली त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिला बाळासाहेबांनी लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि तिच्यासाठी चित्रेही स्वहस्ते काढली. हौसेखातर चित्रे विकत घेणारे संस्थानिक पुष्कळ झाले. स्वतः कुंचला धरणारा, कोणत्या चित्राला किती श्रम पडतात हे जाणणारा संग्राहक मात्र विरळा, आणि औंधचा संग्रह वेगळा दिसतो तो यामुळेच, असे आम्हांस वाटते.

संग्रह वाढला तो अनेक वाटांनी. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे आली. उत्तरेकडील जुनी लघुचित्रे आली. हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम आले. जे विकत मिळणे अशक्य, त्याच्या प्रतिकृती करविल्या: अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या, तशाच पाश्चात्य कलाकृतींच्या. अजिंठ्याचा तर बाळासाहेबांना ध्यासच होता. १९३२ साली त्यांनी त्या लेण्यांवर ग्रंथ लिहिला. प्रतिकृतींना नाक मुरडणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. अस्सल ते अस्सल, हे कबूल. पण ज्या शेतकऱ्यास औरंगाबादेपर्यंत जाणेही परवडत नव्हते, मग युरोप तर दूरच, त्याच्या पोराला अजिंठ्याचा बोधिसत्त्व दिसणार कसा? संग्रह कोणासाठी हे एकदा ठरले की अस्सल-नकलेचा वाद निराळा दिसू लागतो.

आणि कोणासाठी हे ठरले होतेच. चित्रे राजवाड्याच्या दिवाणखान्यांत राहती तर ती पाहुण्यांपुरती उरली असती. बाळासाहेबांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत उठविली, ती यात्रेच्या वाटेवर. १९३८ साली संग्रहालय उघडले. उन्हाचा झोत चित्रांवर पडू नये, तरी दिवसाच्या उजेडात ती नीट दिसावी, अशी त्या इमारतीची योजना आहे.

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, या राजाने महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना देऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. तथापि एक प्रश्न टाळून चालणार नाही. दुष्काळी गावांच्या वसुलावर चालणाऱ्या संस्थानाने चित्रे-पुतळे जमवावेत काय? एखाद्या आटपाडीकराने हा प्रश्न विचारला असता, तर त्यास गप्प बसविण्याचा अधिकार कोणाला नव्हता. याच राजाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ माळ दिला आणि याच राजवटीत आटपाडीनजीक स्वतंत्रपूरची खुली कैदी-वसाहत वसली, एवढे त्यावर सांगता येईल. पुरते उत्तर यात नाही. परंतु पैसा रयतेचा होता म्हणूनच संग्रहही रयतेचा, हे मात्र त्यातून निघते, आणि त्याची कसोटी लवकरच लागली.

१९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब निवर्तले. आश्रयदाता गेल्यावर संग्रह वाटण्यांत फुटतो, नाहीतर बाजारात जातो, हा नेहमीचा क्रम. औंधचा संग्रह मात्र जागचा हलला नाही. तो शासनाकडे आला आणि आज महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या देखरेखीखाली त्याच डोंगरावर आहे.

तेथे इंग्रज शिल्पकार हेन्री मूर (१८९८–१९८६) याचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प आहे. मूरची शिल्पे एरवी पाहावयाची ती परदेशांतील मोठमोठ्या संग्रहालयांत. येथे यमाईची ओटी भरून उतरणारी लेकुरवाळी माउली त्यापुढे उभी राहू शकते. त्या मातेला नाकडोळे रेखीव का नाहीत, असे ती विचारील, विचारू द्यावे.

माधव सातवळेकर यांची चित्रेही येथे आहेत. त्यांचे वडील पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे चित्रकार. औंधास येऊन त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले आणि वेदांचे भाषांतर केले. मुलगा पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून नामवंत चित्रकार झाला, महाराष्ट्राचा कलासंचालक झाला. रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांसह त्याचीही चित्रे औंधच्याच भिंतींवर लागली आहेत.