सरोवराच्या स्वाधीन केलेला धक्का

अमेरिकेच्या यूटा राज्यांत ग्रेट सॉल्ट लेक नांवाचें एक विस्तीर्ण खारें सरोवर आहे. त्याला नद्या येऊन मिळतात, पण त्यांतून एकहि बाहेर पडत नाहीं. आलेलें पाणी उन्हानें उडून जातें आणि मीठ तेवढें मागें उरतें. ह्या सरोवराच्या उत्तर भागांत, रोझेल पॉइंट ह्या ओसाड जागीं, १९७० सालच्या एप्रिल महिन्यांत एक विलक्षण बांधकाम झालें. मालमोटारींतून काळे फत्तर व माती आणून तीं पाण्यांत ओतीत ओतीत एक धक्का बांधण्यांत आला. लांबी १५०० फूट, रुंदी १५ फूट, आणि ओतलेला माल ६,६५० टन. परंतु ह्या धक्क्याला गलबत कधींच लागावयाचें नव्हतें. किनाऱ्यापासून निघून तो डावीकडे वळत वळत वेटोळें घालतो आणि स्वतःच्याच पोटांत संपतो.

बांधविणारा रॉबर्ट स्मिथसन त्या वेळीं बत्तीस वर्षांचा होता. ‘स्पायरल जेटी’, म्हणजे मळसूत्री धक्का, हें त्यानें दिलेलें नांव. त्या काळांत अमेरिकेंतील कांहीं तरुण कलावंतांना चित्रशाळेच्या चार भिंती अपुऱ्या वाटूं लागल्या होत्या. मायकेल हायझर यानें १९६९ सालीं नेवाडांतील पठाराच्या कडेला दोन प्रचंड चर खणून त्या रिकामपणालाच शिल्प म्हटलें. माती, दगड, पाणी हीच सामग्री. विकत घेऊन दिवाणखान्यांत ठेवतां येईल असें त्यांत कांहींच नाहीं. गंमत एवढीच, कीं धक्क्याच्या खर्चाचा भार न्यूयॉर्कमधील चित्रशाळेची मालकीण व्हर्जिनिया ड्वान हिनें उचलला होता. चित्रशाळेचा त्याग करावयासहि चित्रशाळेचाच पैसा लागला!

स्मिथसननें ही जागा कां निवडली, हें समजून घेण्यासारखें आहे. १९५९ सालीं रेल्वेनें सरोवरांतून दगडमातीचा बांध घातला. त्यामुळें सरोवराचे दोन भाग पडले. नद्यांचें गोडें पाणी दक्षिणेकडेच येतें. उत्तर भाग अधिकाधिक खारट होत गेला. इतक्या तीव्र खाऱ्या पाण्यांत कांहीं सूक्ष्मजीवच तग धरतात, आणि त्यांच्यामुळें तें पाणी तांबडें दिसतें. मराठी श्रोत्यांना हें नवल दूरचें वाटूं नये. २०२० सालच्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवर गुलाबी झालें, तें अशाच लवणप्रिय जीवांचें काम असल्याचें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील तपासणींत आढळलें. धक्क्याचे फत्तरहि सह्याद्रीच्या कड्यांच्याच जातीचे, ज्वालामुखीच्या रसापासून झालेले. तांबड्या पाण्यांत काळा पाषाण, हा रंगांचा मेळ स्मिथसनच्या डोळ्यांत भरला. शिवाय त्या किनाऱ्यावर तेल काढण्याच्या फसलेल्या उद्योगाचे अवशेष गंजत पडलेले होते. ते त्याला खटकले नाहींत, उलट आवडले. वस्तु झिजते, विस्कटते आणि पूर्वस्थितीला परत येत नाहीं, ह्या नियमाचें त्याला मोठें आकर्षण होतें. मनुष्याचा स्पर्श न झालेलें अरण्य तो शोधीत नव्हता.

काम कांहीं दिवसांतच झालें. प्रथम बांधलेला आकार मनास न आल्यामुळें स्मिथसननें माणसें पुन्हा बोलावून वेटोळें वाढवून घेतलें. ह्या साऱ्या उद्योगाचा त्यानें एक चित्रपटहि काढला. पण त्या वेळीं सरोवराची पातळी उतरलेली होती. दोन एक वर्षांत पाणी चढलें आणि धक्का दिसेनासा झाला. त्याची उंची वाढविण्याचा विचार स्मिथसनच्या मनांत होता; तो तसाच राहिला. १९७३ सालच्या २० जुलैला टेक्साझमध्यें दुसऱ्या एका कामाची जागा वरून पाहत असतां त्याचें विमान कोसळलें. मरणसमयीं तो अवघा पस्तीस वर्षांचा होता. ज्या कृतीनें त्याचें नांव झालें ती पाण्याखालीं, आणि लोकांपुढें उरलीं तीं छायाचित्रें व चित्रपट.

सुमारें तीस वर्षें असेंच चाललें. २००२ सालीं अवर्षणामुळें पाणी ओसरलें आणि धक्का वर आला. काळे दगड मिठानें पांढरे झाले होते. १९९९ मध्यें त्याची पत्नी व स्वतः नामांकित कलावंत नॅन्सी होल्ट हिच्या पुढाकारानें तो न्यूयॉर्कच्या डिया संस्थेच्या स्वाधीन झाला होता. आतां प्रश्न पडला: दगड घालून तो उंच करावा, कीं जसा आहे तसा राहूं द्यावा? चर्चा झाली, पण दगड घातला गेला नाहीं. फुग्याला कॅमेरा बांधून वरून छायाचित्रें घेणें व होणाऱ्या बदलाची नोंद ठेवणें, एवढेंच जतनाचें काम पत्करण्यांत आलें. २००८ सालीं जवळच सरोवरांत तेलासाठीं विंधणें करण्याची योजना निघाली, तेव्हां मात्र सरकारकडे विरोधाचीं सहस्रावधि पत्रें गेलीं.

निसर्ग करील तें होऊं द्यावें, हें धोरण स्मिथसनच्या वृत्तीला धरून आहे खरें. पण ह्या सरोवरांत निसर्ग कोणता? १९८७ सालीं पाणी बांधणीच्या वेळेहून पंधरा फुटांपेक्षां अधिक चढलें, तेव्हां राज्य सरकारनें मोठमोठे पंप बसवून तें पश्चिमेच्या वाळवंटांत फेकलें. पुढें पातळी उतरूं लागली. बेअर, वेबर व जॉर्डन ह्या नद्यांचें पाणी वाटेंतच शेतीसाठीं व शहरांसाठीं वळविलें जातें. अवर्षणाची भर पडते, पण मुख्य कारण हेंच. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत सरोवरानें तोंवरच्या नोंदींतला तळ गाठला. त्या वर्षांत धक्का पाहावयास जाणारे लोक पाण्यांतून नव्हे, कोरड्या मिठावरून त्याच्या मध्यापर्यंत चालत जात. स्मिथसननें कृति लहरींच्या हवालीं केली होती; ती जाऊन पडली पाटबंधाऱ्यांच्या हवालीं.

दक्षिण भागांत खाऱ्या पाण्यांतली सूक्ष्म कोळंबी व माश्या वाढतात, आणि त्यांवर लक्षावधि स्थलांतरी पक्षी पोसतात. तेथील खारटपणा हाताबाहेर जाऊं नये म्हणून २०२२ व पुन्हा २०२३ सालीं रेल्वेच्या बांधांतील खिंडीचा उंबरठा उंच करण्यांत आला. गोडें पाणी दक्षिणेंत अडलें. उत्तरेकडे जाणारें तितकें घटलें. कोळंबी व पक्षी वांचवावयाचे तर दुसरा उपाय त्या घडीला जवळ नव्हता. धक्का उत्तर भागांत आहे.