बंदासिंग बहादूर

बंदासिंग बहादूर (जन्म : २७ ऑक्टोबर १६७०, राजौरी, मृत्यू : ९ जून १७१६, दिल्ली) हे शीख सेनानी होते. नांदेड येथे माधोदास या नावाने बैरागी म्हणून राहत असताना १७०८ मध्ये त्यांनी मठ सोडून शस्त्र हाती घेतले.

नांदेडमधील वास्तव्य

त्यांचे मूळ नाव लछमनदेव. शिकारीत गाभण हरिणी मारली गेल्याने त्यांना विरक्ती आली, असे परंपरा सांगते. भ्रमंती करीत ते गोदावरीकाठी नांदेडला स्थिरावले. गोदाकाठ आणि किनवटलगतचे माहूर ही साधूंच्या वाटेवरील जुनी ठिकाणे. त्यामुळे उत्तरेकडील बैराग्याने येथे मठ थाटणे नवलाचे नव्हते.

बहादूरशाह (पहिला) कामबक्षावर चालून दक्षिणेत आला, तेव्हा गुरू गोविंदसिंग त्याच्यासोबत नांदेडला पोहोचले. गुरू मठात येऊन माधोदासाच्या आसनावर बसले, माधोदास प्रथम संतापला व शेवटी स्वतःला त्यांचा ‘बंदा’ म्हणवून शरण गेला, ही कथा प्रसिद्ध आहे. तिचा तपशील ग्रंथागणिक बदलतो. माधोदासांनी रीतसर अमृत घेतले की नाही, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. गुरूंनी त्यांना पाच बाण, निशाण व नगारा दिला आणि सल्ल्यासाठी पाच शीख सोबत पाठवले, असे मानले जाते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचे नांदेडलाच निधन झाले.

पंजाबातील युद्ध

नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना पडले. १२ मे १७१० रोजी चप्पडचिडीच्या लढाईत सरहिंदचा फौजदार वजीरखान मारला गेला. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना १७०४–०५ च्या सुमारास याच्याच अमलात ठार करण्यात आले होते. लोहगड हे बंदासिंगांचे ठाणे बनले. त्यांनी स्वतःच्या नव्हे, तर गुरूंच्या नावाने नाणी पाडली. जमीनदारांच्या ताब्यातील जमिनी कसणाऱ्यांना मिळाल्याची आठवण पंजाबात टिकून आहे.

या लढ्याला धर्मयुद्ध म्हणावे की शेतकऱ्यांचे बंड, हा वाद जुना आहे. खाफीखानासारखे फारसी इतिहासकार सरहिंद भागातील कत्तल व लुटीची कठोर वर्णने करतात. मात्र एप्रिल १७११ च्या मोगल दरबारी अखबारात बंदासिंगांकडे सुमारे ५,००० मुसलमान सैनिक असल्याची आणि त्यांना नमाज व खुतब्याची मोकळीक असल्याची नोंद आहे. शत्रुपक्षाच्या कागदातून आल्यामुळे ही नोंद दुर्लक्षिता येत नाही.

गुरदास नंगल येथे सुमारे आठ महिने वेढा पडला. अन्न संपल्यावर डिसेंबर १७१५ मध्ये ते पकडले गेले. मार्च १७१६ मध्ये दिल्लीत असलेल्या इंग्रज वकिलांनी कैद्यांच्या रोजच्या शिरच्छेदाविषयी लिहिताना, एकानेही धर्म सोडला नसल्याचे नमूद केले. फर्रुखसियरच्या आज्ञेने बंदासिंगांना हालहाल करून मारण्यात आले.

युरोपातील योद्धा-संन्यासी

बाराव्या शतकात क्रुसेडच्या काळात जेरुसलेममध्ये उदयास आलेला टेम्पलर संघ बंदासिंगांशी तुलनेसाठी पुढे केला जातो. ते साम्य वरवरचे आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते पाळूनच टेम्पलर लढत; १३१२ मध्ये पोपने त्यांचा संघ विसर्जित केला. बंदासिंगांनी मात्र बैराग्याचा वेश टाकला आणि पुढे विवाहही केला. संन्यास नाकारणाऱ्या शीख परंपरेत ‘संत-सिपाही’ हा गृहस्थच असतो.

स्मृतिस्थळे

नांदेडमध्ये गोदावरीकाठी बंदाघाट गुरुद्वारा आहे. जवळच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभारली गेली.